तक्रार मोकळेपणाने, कल्पना जपून

या खेपेच्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या अंगांनी पुन्हा पुन्हा आला आहे. कोणीही मागितलेलं नसताना, केवळ चांगल्या हेतूने, आपण एखाद्या कंपनीला किंवा संस्थेला काहीतरी सुचवतो. मग कधी उत्तर येत नाही, कधी पत्र जसंच्या तसं परत येतं, तर कधी वर्षभराने तीच गोष्ट दुकानात दिसते आणि मन खट्टू होतं. अजिंठा, सिल्लोड, भोकरदन, वाळूज या पट्ट्यातली अशी सहा पत्रं इथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत आणि त्यांच्या कल्पनांचा गाभाही मुद्दाम वगळला आहे. तो या पानावर छापला, तर त्यांची पेटंटची वाट इथेच बंद होईल.

शंका १. मी अजिंठा लेण्यांत गाईड आहे. आत उजेड बेताचा आणि फ्लॅशला बंदी. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दाखवताना साध्या टॉर्चचा झोत मधोमध भगभगतो आणि कडेचं काही दिसत नाही. मी टॉर्चच्या तोंडावर बसवायचं एक साधन घरी तयार केलं. त्याने उजेड सारखा पसरतो. एका मोठ्या कंपनीला चित्रासह सगळं लिहून पाठवलं. ‘आम्ही बाहेरच्या कल्पना स्वीकारत नाही, कागदपत्रं परत पाठवत आहोत’, असं दोन ओळींचं उत्तर आलं. वाचण्याएवढीही आमची किंमत नाही का? आणि उद्या त्यांनीच तसा टॉर्च काढला तर?
— एक गाईड, अजिंठा

समाधान : तुमचा राग समजतो, पण या उत्तराने तुमचं नुकसान झालेलं नाही. उलट कागद परत करणारी कंपनी कागद ठेवून घेणाऱ्या कंपनीपेक्षा बरी.

मोठ्या कंपनीत प्रकाशयोजनेवर काम करणारा स्वतंत्र विभाग असतो. तुमच्यासारखीच गोष्ट तिथे आधीच आखली गेलेली असू शकते. तुमचं पत्र त्या विभागातल्या इंजिनिअरने वाचलं आणि वर्षभराने कंपनीचा माल बाजारात आला, तर तुम्ही म्हणणार, माझं चोरलं. आपलं काम आपलंच होतं हे मग कंपनीला सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा, की न मागता आलेली कल्पना तांत्रिक विभागापर्यंत जाऊच द्यायची नाही. टपाल पाहणारा माणूस ‘यात उत्पादनाची सूचना आहे’ एवढं ओळखतो आणि पत्र कायदा विभागाकडे सरकवतो. तिथून छापील उत्तर निघतं. काही कंपन्या याहून कडक असतात. त्यांच्या अटींत आधीच लिहिलेलं असतं, की आपण होऊन पाठवलेली सूचना कंपनी मोबदला न देता वापरू शकेल. अमेरिकेतल्या ॲपल कंपनीचं धोरण याच धर्तीचं आहे. पत्र पेटीत टाकण्याआधी त्या अटी वाचाव्यात.

कंपन्यांना ही धास्ती का वाटते, हे रॉबर्ट कर्न्स या अमेरिकी इंजिनिअरच्या खटल्यावरून कळतं. थांबून थांबून चालणारा मोटारीचा वायपर त्यांनी १९६३ साली फोर्ड कंपनीला दाखवला. पुढे फोर्डने तसा वायपर बाजारात आणला. कर्न्स यांनी १९७८ मध्ये दावा लावला. १९९० मध्ये तो मिटला, तेव्हा फोर्डला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. पण कर्न्स यांच्या हाती पेटंटं होती म्हणूनच ते लढू शकले. आणि तरीही त्यांची बारा वर्षं त्यात गेली.

आता तुमच्या साधनाबद्दल. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी जोडल्या आणि प्रत्येक वस्तू आपलं जुनंच काम करत राहिली, तर भारतीय पेटंट कायदा त्याला शोध मानत नाही. तुमच्या साधनात जोडणीमुळे काही नवा परिणाम साधत असेल, तरच पेटंटचा विचार करा. नवेपणा केवळ बाह्य आकारात असेल, तर डिझाइनची नोंदणी आहे. तिचं संरक्षण आधी दहा वर्षं आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षं मिळतं. दोन्हींची अट एकच, अर्जाआधी ती वस्तू जगजाहीर झालेली नसावी. गोपनीयतेचं बंधन नसलेल्या कंपनीला सगळं लिहून पाठवल्यामुळे तुमची बाजू थोडी कच्ची झालीच आहे. म्हणून यापुढे पर्यटकांसमोर ते साधन वापरणं तूर्त थांबवा आणि पेटंट एजंटला गाठा. पत्र कधी पाठवलं, साधन किती जणांसमोर वापरलं, हे त्याला खरंखरं सांगा. लेण्यांत कोणता उजेड चालेल हे ठरवण्याचा अधिकार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा आहे. त्यांच्याकडेही जायचं, पण अर्ज दाखल झाल्यानंतर.

शंका २. मसाल्याचं पाकीट उघडताना दरवेळी उभं फाटतं आणि निम्मा मसाला ओट्यावर सांडतो. मी कंपनीला तक्रार लिहिली आणि ‘पाकिटाला चेन लावा’ असंही सुचवलं. त्यांनी आभाराचं पत्र आणि मसाल्यांचा एक डबा पाठवला. काही महिन्यांनी खरंच चेनचं पाकीट आलं. सूचना माझी होती, तर मला काही मिळायला नको का?
— एक गृहिणी, सिल्लोड

समाधान : ताई, स्पष्ट सांगते, पैशांचा हक्क यात निर्माण होत नाही. तुम्ही काही देऊ केलं, कंपनीने मोबदला कबूल केला, असा करार झालेला नाही. शिवाय चेनची पाकिटं इतर मालासाठी आधीपासून बाजारात आहेत, म्हणजे कल्पना नवी नव्हती. पाकीट बदलायला तुमच्या पत्राचा हातभार लागला असेल, याचा आनंद मात्र हक्काने घ्या.

तक्रार ही कंपनीसाठी फुकट मिळालेली तपासणी असते. पाकीट फाटतं हे कारखान्यातल्या यंत्राला कळत नाही, ते कळतं तुमच्या ओट्यावर. म्हणून चांगल्या कंपनीत प्रत्येक तक्रार पाकीट, चव, वजन, भेसळ अशा प्रकारांत नोंदली जाते. एकाच बॅचबद्दल पाच-दहा तक्रारी आल्या, की गुणवत्ता विभाग त्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना काढून तपासतो. नुसतं ‘तुमचा माल खराब आहे’ असं लिहिलं, तर कोणता माल, कुठला, कधीचा, याचा माग लागत नाही आणि पत्र तिथेच अडतं.

पाकीट उलटं करून पाहा. बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, १४ अंकी अन्न परवाना क्रमांक आणि तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल तिथे छापलेलं असतं. तक्रारीसाठीचा हा तपशील वेष्टनावर छापणं वजनमापांच्या नियमांनी सक्तीचं केलं आहे. पत्रात बॅच क्रमांक, दुकानाचं नाव, खरेदीची तारीख आणि फोटो द्या. पाकीट टाकून देऊ नका. माल ऑनलाइन घेतला असेल, तर विकणाऱ्या संस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असा २०२० चा नियम आहे. कुठेच दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे जाण्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

एक काळजी घ्या. तक्रार आणि सूचना एकाच पत्रात लिहू नका. सूचना दिसली, की काही कंपन्यांत अख्खं पत्र कायदा विभागाकडे जातं आणि सांडलेल्या मसाल्याची तक्रारही तिथेच अडकून पडते.

शंका ३. आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेली देशी मिरची आहे. त्यात एका वर्षी बोकड्या, म्हणजे चुरडा-मुरडा रोग, न आलेली दोन झाडं दिसली. तेव्हापासून त्यांचंच बी वेगळं धरून लावतो आहे. शेजारची सगळी मिरची चुरडा-मुरड्याने जाते, तेव्हाही माझी बऱ्यापैकी टिकते. जालन्याच्या एका बियाणे कंपनीचा माणूस ‘पाव किलो बी द्या, ट्रायल घेतो’ म्हणून मागे लागला आहे. द्यावं का?
— एक शेतकरी, भोकरदन तालुका

समाधान : दादा, आज देऊ नका. आधी नोंदणीला लागा आणि नंतर लेखी अटींवर द्या.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याला दादाजी खोब्रागडे यांची हकिकत माहीत असायला हवी. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या आणि पुढे कित्येक हंगाम त्यातून निवड करत बारीक दाण्याचं वाण उभं केलं. तेव्हा घरोघरी पोचलेल्या घड्याळाच्या नावावरून व्यापाऱ्यांनी त्याला ‘एचएमटी’ म्हटलं. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने प्रयोगासाठी त्यांच्याकडून पाच किलो बी नेलं. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. आपण त्या बियाण्याचं शुद्धीकरण करून वाण सिद्ध केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. श्रेय आणि मोबदला आपल्याला मिळाला नाही, ही दादाजींची व्यथा. एचएमटी तांदूळ कितीतरी राज्यांत पोचला. दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, देशाबाहेरही नाव झालं, पण हाती फारसा पैसा आला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

बी देताना दादाजींच्या हाती ते आपलं आहे असं सांगणारा सरकारी कागद नव्हता, कारण तसा कागद देणारा कायदाच १९९४ मध्ये नव्हता. आज आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकरी आपल्या नावावर वाण नोंदवू शकतो. त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क भरावं लागत नाही. मिरचीसारख्या पिकाला एकूण पंधरा वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं.

वाण इतरांहून वेगळं आहे, सगळी झाडं एकसारखी येतात आणि पुढच्या पिढ्यांत गुण टिकतात, हे तिथे दाखवावं लागतं. मिरचीत परपरागीकरण बऱ्यापैकी होतं. म्हणून बियाण्याची झाडं इतर मिरचीपासून दूर ठेवा किंवा फुलं उमलण्याआधी झाडावर जाळीचं कापड बांधा. दरवर्षीची लावण, रोग आलेली आणि न आलेली झाडं, फोटो, सगळं एका वहीत तारखेनिशी लिहा. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. अर्ज भरायला त्यांची मदत घ्या. गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानही शेतकऱ्यांसारख्या सामान्य माणसांच्या शोधांसाठी उभं राहिलं आहे. ते माहिती घेतानाच शोधकर्त्याची लेखी संमती घेतात.

कंपनीच्या माणसाला सांगा : बी किती ग्रॅम, कोणत्या तारखेला, फक्त कशासाठी दिलं, त्यातून संकर करायचा नाही, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, ट्रायलचे आकडे मला द्यायचे. या ओळींखाली कंपनीची सही आणि शिक्का हवा. खरा गरजू असेल तर सही करेल.

शंका ४. आम्ही तिघं अभियांत्रिकीचे विद्यार्थी. कापूस वेचणीच्या एका साधनाचं मॉडेल केलं आहे. एका कंपनीने सादरीकरणाला बोलावलं, पण गोपनीयतेच्या करारावर सही करायला नकार दिला. मित्र म्हणतो, सगळी माहिती बंद पाकिटात घालून रजिस्टर पोस्टाने स्वतःलाच पाठवा आणि पाकीट फोडू नका, म्हणजे पुरावा होतो. खरं का?
— तीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

समाधान : बंद पाकिटाने एवढंच दाखवता येतं, की अमुक तारखेला हे कागद तुमच्याकडे होते. पेटंटचा हक्क त्यातून मिळत नाही. दुसऱ्या कोणी तुमच्या आधी अर्ज केला, तर पाकीट हाती धरून उपयोग नाही.

टिकाऊ उपाय म्हणजे तात्पुरत्या तपशिलासह पेटंट अर्ज. साधन पूर्णत्वाला गेलेलं नसलं तरी तो करता येतो. त्या दिवसापासून तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी शुल्क सध्या १,६०० रुपये आहे. एजंटची फी आणि पुढच्या टप्प्यांचा खर्च वेगळा. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. पेटंट मिळालं तर ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं चालतं. अर्जात तिघांचीही नावं घाला आणि कॉलेजचा यात वाटा आहे का, हे कॉलेजच्या नियमांत आधी पाहा. शहरात चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चरच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ‘मॅजिक’ हे नवउद्योगांचं केंद्र आहे. तिथे या कामातली माणसं भेटतात.

कंपनी सही का करत नाही, याचं कारण पहिल्या उत्तरात आलंच आहे. ती सही करत नसेल, तर साधन काय करतं ते सांगा, कसं करतं ते सांगू नका. किती वेळात किती कापूस वेचला, बोंडाचा कचरा किती आला, मजुरी किती वाचली, हे आकडे दाखवा. आतली रचना झाकलेली राहू द्या. अर्ज दाखल झाल्यावर थोडं अधिक उघडता येईल.

मुंबई उच्च न्यायालयातली दोन प्रकरणं लक्षात ठेवा. सनडायल कम्युनिकेशन्सने ‘कृष कन्हैया’ नावाच्या मालिकेची संकल्पना झी टीव्हीपुढे मांडली होती. नंतर झीची ‘कन्हैया’ ही मालिका आली. विश्वासाने सांगितलेली, तपशिलाने रचलेली संकल्पना जपली पाहिजे, असं म्हणत न्यायालयाने २००३ मध्ये सनडायलच्या बाजूने मनाई कायम ठेवली. याउलट, ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट आपल्या संहितेवरून घेतला, असं सांगत एक लेखक २०२१ मध्ये न्यायालयात गेला. तिथे मनाई मिळाली नाही. काय गोपनीय होतं आणि त्यातलं नेमकं आपलं काय, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, हा त्या निकालाचा धडा. नुसती कल्पना कोणाच्या मालकीची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगून ठेवलं आहे. म्हणून कोणाला, कधी, काय दाखवलं याची नोंद ठेवा. बैठक झाली, की त्याच संध्याकाळी ‘आज आम्ही गोपनीय म्हणून आपल्याला अमुक दाखवलं’ असा ईमेल पाठवा.

काही कंपन्या स्वतःहून दार उघडतात. लेगो ही डेन्मार्कची खेळणी कंपनी लोकांकडून नमुने मागवते. दहा हजार लोकांनी पसंती दिली, तर कंपनी त्याचा विचार करते आणि माल निघाला, तर निव्वळ विक्रीचा एक टक्का कल्पना देणाऱ्याला मिळतो. अशी छापील अट आधी दिसली, की निर्णय घेणं सोपं जातं.

शंका ५. वाळूजच्या कारखान्यात मी फिटर आहे. जॉब पकडण्याच्या फिक्श्चरमध्ये एक बदल सुपरवायझरला तोंडी सुचवला. तो लागू झाला, बक्षीस मात्र त्यांच्या नावावर गेलं.
— एक कामगार, वाळूज

समाधान : पुढची सूचना तोंडी देऊ नका. कारखान्यात कायझेनचा, म्हणजे सुधारणा सुचवण्याचा, छापील अर्ज असेल, तर तारीख आणि अनुक्रमांक घालून द्या आणि फोटो किंवा प्रत स्वतःकडे ठेवा. नोकरीत, कारखान्याच्या साधनांवर केलेला शोध बहुधा मालकाचा ठरतो. नेमणूकपत्रातलं ते कलम काढून वाचा. पण मालकी कंपनीची असली, तरी पेटंट निघताना शोधकर्ता म्हणून तुमचं नाव नोंदवून घेण्याचा हक्क पेटंट कायद्याने तुम्हाला दिला आहे. झालेल्या प्रकाराबद्दल मनुष्यबळ विभागाला साधं, शांत पत्र लिहा. त्या दिवशी पाळीला शेजारी कोण होतं, तेही लिहा.

शंका ६. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर माझं स्फटिकांचं दुकान आहे. इथून लेण्यांपर्यंत जाणाऱ्या बसच्या वेळा आणि रांगेबद्दल मी संबंधित कार्यालयाला दोनदा लेखी सूचना दिली. उत्तर नाही. यात पेटंट-बिटंट मला नको, फक्त सुधारणा हवी.
— एक दुकानदार, फर्दापूर

समाधान : तुमचा रस्ता सगळ्यांत मोकळा आहे. सार्वजनिक संस्थेला सूचना देताना लपवण्यासारखं काही नाही आणि विचारण्याचा हक्क मात्र खासगी कंपनीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

सूचना नेहमी आवक क्रमांक घेऊनच द्या. उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपयांचा अर्ज करा. ‘सुधारणा का केली नाही?’ असं विचारलं, तर मोघम उत्तर येईल. त्याऐवजी विचारा : अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या पत्रावर आजवर काय कार्यवाही झाली, ते कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेला गेलं, त्यावरच्या टिप्पणीची प्रत द्यावी. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. ज्या फायलीवर कोणी काही लिहिलेलं नाही, तिच्यावर अर्ज आल्यावर तरी लिहिलं जातं.

सूचनेला आकड्यांचा आधार द्या. शनिवारी आणि रविवारी सकाळी नऊ ते अकरा दर अर्ध्या तासाला रांगेत किती माणसं होती, बस किती आल्या, एवढं महिनाभर लिहून काढा. हे काम दुकानात बसून होण्यासारखं आहे. शेजारच्या दुकानदारांच्या सह्या घ्या. ‘गैरसोय होते’ या शब्दांकडे कानाडोळा करता येतो, महिन्याच्या तक्त्याकडे करणं अवघड जातं. एस.टी.ची बाब एस.टी.कडे, लेण्यांच्या आतली बाब पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, वाहनतळ आणि पर्यटक सोयींची बाब पर्यटन महामंडळाकडे, अशी तीन पत्रं वेगळी करा. एकत्र लिहिलं, तर प्रत्येक कार्यालय ते दुसऱ्याचं आहे असं म्हणेल.

सहाही पत्रलेखकांना, आणि ज्यांची पत्रं जागेअभावी राहिली त्यांनाही, सांगणं एकच. सुचलं ते मनात दाबून ठेवू नका. ज्याने सगळ्यांचं भलं होईल आणि तुमचं काही जाणार नाही, ते आजच, खुलेपणाने, क्रमांक-तारखेसह लिहा. ज्यावर तुमचं पोट किंवा तुमचं नाव उभं राहू शकतं, त्याची आधी नोंद करा, मग सांगा. बोरूबहाद्दर म्हणून कोणी हसलं तरी हसू द्या. खोब्रागड्यांच्या पाच किलो बियाण्याबरोबर लेखी अटींचा एक कागद गेला असता, तर त्यांच्या म्हातारपणाचे दिवस वेगळे गेले असते, असं मला मनापासून वाटतं.